जमादाराचा पाय

आमच्या घरी जमादार आला तो यांच्या कोटाच्या आत बसून. जमादार म्हणजे ससा. पांढराशुभ्र, एका कानावर राखी डाग, आणि चालण्यात अशी ऐट की पागेतल्या स्वारांनी त्याला आल्या आल्या हुद्दाच देऊन टाकला. आमचे हे ग्वाल्हेरच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, रिसालदार. घोडी गेली, माणसं गेली आणि रिसालदारांच्या हाताखाली शेवटी हा एकच जमादार उरला, असं मी शेजारणीला म्हणायची. तीही हसायची. गप्प बसले की भीती वाटायची, म्हणून मी आपली बोलत राहायची.

पागेत एक मुकं जनावर बाळगायचं ही जुनी रीत. घोड्यांवर येणारी बला त्याच्यावर जावी म्हणून. कुठं माकड बांधतात, कुठं बोकड ठेवतात. यांच्या पागेत ससा होता. या गोष्टीवर माझा विश्वास होता का, असं विचाराल तर दिवसा नव्हता.

पागेची दुसरी एक रीत होती. ती मला लग्न होऊन आले त्याच वर्षी सासऱ्यांनी सांगितली. घोडा कामातून गेला, पुन्हा उभा राहणार नाही असं ठरलं, की त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. ज्याचा घोडा, त्यानंच शेवटची गोळी घालायची. "स्वाराचं काम स्वारानं करायचं, सूनबाई," असं म्हणून सासऱ्यांनी वरणासाठी वाटी पुढं केली होती. मी वाढलं. नव्या सुनेनं आणखी काय करायचं?

संस्थान विलीन झालं तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं. राज्य कुणाचंही असो, चूल आपल्यालाच फुंकावी लागते. मध्यभारत झाला, राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं वर्ष इंदूरला राहायला लागली, शेजारचे रमाकांतराव कचेरीच्या कपाटांबरोबर इकडून तिकडे जायला लागले, त्याचीही आम्ही थट्टाच केली. पण पुढं फौजेचीही पाळी आली. रिसाल्याचे लोक हिंदुस्थानच्या नव्या फौजेत जाणार होते, ज्यांना घेतील ते. घोडी कुणालाच नको होती.

संक्रांत होऊन गेल्यावर घोडी विकायला काढली. तरणी होती ती टांगेवाल्यांनी आणि कुणी कुणी नेली. यांचा गुलदार म्हातारा, मागच्या पायानं अधू. त्याला कोण घेणार? त्या सकाळी हे काही न खाता गेले. दुपारी आले तेव्हा खांद्यावर गुलदारचं खोगीर होतं, कोटात ससा होता, आणि चेहरा असा की मी दारातून नुसती बाजूला झाले. विचारायचं होतंच काय?

यांनी सशाला खाली सोडलं. क्षणभर तसेच उभे राहिले. मग खांद्यावरचं खोगीर असं भिरकावलं की ते भिंतीवर आदळून खाली पडलं. जमादार बिचारा भिंतीच्या आडोशालाच पळाला होता. सशाला आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. लहान मूल किंचाळावं तसा तो एकदाच ओरडला.

दुसऱ्या दिवशी पागेचे सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, उमाजी येऊन बघून गेले. मागचा डावा पाय चेंगरला होता. "हाड साबूत आहे," ते म्हणाले, "पण नस दबली आहे. महिनाभर हलू देऊ नका. मग हळूहळू चालवा. हा पागेत कसा पाय आपटायचा, याद आहे ना रिसालदारसाहेब? साप दिसला, कुत्रं आलं, की मागचे पाय धाडकन जमिनीवर. अख्खी पागा कान टवकारायची. ज्या दिवशी तसा पाय आपटेल, त्या दिवशी समजून घ्या, ताकत वापस आली." एवढं सांगून उमाजी गेले, आणि पुढच्या आठवड्यात पेन्शन घेऊन भिंडकडे आपल्या गावीच निघून गेले.

त्या संध्याकाळी हे ओसरीवर बसले होते. लढाईत एकदा घोडा अंगावर पडला, तेव्हापासून यांचा उजवा गुडघा थंडीत धरतो. तो चोळत चोळत म्हणाले, "मुरारच्या छावणीत बोर्ड बसणार आहे. कोणाला नव्या फौजेत घ्यायचं, कोणाला घरी पाठवायचं, तिथं ठरणार."

"तुम्हाला का नाही घेणार? घेतील."

"बोर्डापर्यंत हा जमादार उभा राहिला, तर राहिला."

"आणि नाही राहिला तर?"

"तर स्वाराचं काम स्वार करतो."

बोलणं सशाबद्दल होतं. हात मात्र स्वतःच्या गुडघ्यावर फिरत होता. मला भीती शिवली ती तेव्हा. यांच्या पलंगाखाली लोखंडी ट्रंक होती, ट्रंकेत सासऱ्यांच्या वेळचं पिस्तूल होतं, आणि ट्रंकेची किल्ली यांच्या कमरेला. पंचवीस वर्षांच्या संसारात मला त्या ट्रंकेची आठवण दसऱ्याला, शस्त्रपूजेपुरती व्हायची. त्या दिवसापासून ती डोक्यातून हललीच नाही.

भीती घेऊन संसार करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हे न्हाणीघरात गेले की मी पाण्याचा आवाज ऐकत उभी. पाणी थांबलं की, "अहो, टॉवेल हवा का?" हे खोलीत पडले की, "अहो, मीठ कुठं ठेवलंय?" आता मीठ काय यांनी ठेवलं होतं? पण हाक मारली की ओ यायची. ती आली की मी पुन्हा कणकेकडे वळायची. बडोद्याला दिलेल्या लेकीला, पद्माला, बोलावून घ्यावं असं शंभरदा वाटलं. पण तिला सांगायचं काय? तुझे बाबा सशाच्या पायाला धरून बसलेत म्हणून?

महाशिवरात्रीपर्यंत जमादार खोक्यात पडून होता. बाहेर काढला तेव्हा डाव्या पायावरचं मांस वाळून गेलं होतं. उजव्या पायाशेजारी तो पाय म्हणजे नुसती काडी. जमिनीवर ठेवला की मागून घसरायचा आणि पुढच्या दोन पायांनी ओढत जायचा. ते बघून मी तोंड फिरवलं. हे मात्र कामालाच लागले.

आणि काम कसं? सगळं घोड्याचं. पहाटे उठून पायाला मोहरीच्या तेलाची मालिश. मग आपल्या जुन्या फेट्याची पट्टी फाडून ती सशाच्या पोटाखालून घालायची, दोन्ही टोकं वर धरायची आणि त्याला अंगणात चालवायचं. "कदम! हां, कदम! शाबास!" मिशीवाला धिप्पाड माणूस कमरेत वाकून, स्वतःच लंगडत, एवढ्याशा सशाला कवायत शिकवतोय. दुसरी कुणी असती तर हसून हसून लोळली असती. मी दाराआडून बघायची आणि मनात म्हणायची, चाल रे बाबा, चाल. तुझ्या पायात माझं कुंकू अडकलंय.

कवायतीनंतर चंदी. घोड्याला अंगात बळ यावं म्हणून जो खुराक देतात तो: भिजवलेले हरभरे, जवाचा भरडा, वर गूळ. आमच्या तीन पिढ्यांत आजारातून उठलेल्या प्रत्येक घोड्याला चंदी मिळाली आहे. घोड्याचं सोडा, बाळंतिणीच्या खुराकालासुद्धा सासूबाई चंदीच म्हणायच्या. मग आजारातून उठलेल्या सशाला ती द्यायची नाही, हे आमच्यातल्या कुणाला सुचणार? हरभरे मीच रात्री भिजत घालायची. गूळ मीच चिरायची. जमादार आवडीनं खायचा, मिटक्या मारायचा. गवत पुढं टाकलं तर हुंगायचासुद्धा नाही. हे खूष. "बघ, केस कसे चमकायला लागले."

केस चमकत होते खरे. पोटही सुटत होतं. मला ते काही बरं दिसेना, पण बोलले नाही. यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता, त्यात माझी फुंकर कशाला? भीतीनं माणूस शहाणं होतं म्हणतात. मी तर भीतीनं मुकी झाले होते.

होळी झाली आणि रंगपंचमीच्या सुमाराला एका सकाळी जमादारानं चंदीकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात अंग आवळून बसला. दात कराकरा वाजवत होता. पोटाला हात लावला तर ताठ. खोक्यात लेंड्या पडलेल्या नव्हत्या, आदल्या दिवशीच्याही नव्हत्या.

"तो काही खात नाही राहिला," मी म्हटलं.

"गूळ वाढव. थकलाय." यांनी गुळाचा खडा त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं मान फिरवली. यांनी पुन्हा धरला. पुन्हा फिरवली. मग हे उठले आणि खोलीत गेले.

मी काय करू? ससा माझ्या हातात गार पडत चाललेला, आणि हे खोलीत, ट्रंकेजवळ. एकाला सोडून दुसऱ्याकडे जावं तर कुणाला सोडायचं? शेवटी सशाला पदरात गुंडाळलं आणि शेजारी, रमाकांतरावांच्या बायकोच्या, सरोजिनीबाईंच्या ओट्यावर गेले. तिथून आमच्या खोलीची खिडकी दिसत होती. खिडकीत हे पाठमोरे उभे होते, तेवढं बघून घेतलं.

शेजारी इंदूरला जायची बांधाबांध चालली होती. सगळा ओटा पेट्यांनी भरलेला. सरोजिनीबाई कपबश्या वाळल्या गवतात घालून पेटीत रचत होत्या. मी रमाकांतरावांना विचारलं, "जनावरांचा कोणी डॉक्टर माहीत आहे का हो?"

"वहिनी, जनावरांच्या खात्याचं दप्तर परवाच पेटीत बंद झालं. आता ते इंदूरला उघडणार. आधीच सांगायचं ना!" रमाकांतराव भला माणूस, पण कचेरी बांधून बांधून त्यांना माणसंही पेटीत घालायच्याच मापानं दिसायला लागली होती.

सरोजिनीबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "ठेवा त्याला खाली जरा. तुम्हीच कशा थरथरताय वहिनी! एवढ्या परेशान होऊ नका. पाणी देऊ?"

त्या पाणी आणायला आत गेल्या. मी जमादाराला ओट्यावर टेकवलं. माझी नजर खिडकीवर. हे तिथं नव्हते. मी ताडकन उठले, आणि उठता उठता खाली बघितलं तर जमादारानं मान लांब केली होती. पेटीतून गवताची एक काडी बाहेर लोंबत होती. ती त्यानं हुंगली. तोंडात घेतली. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, चावत आत ओढली. मग दुसरी.

मी पुढं काय केलं ते आठवून आजही हसू येतं. कपबश्यांखालचं गवत मी दोन्ही हातांनी उपसलं आणि ओटीत भरलं. सरोजिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येतात तो मी ससा आणि गवत घेऊन आमच्या दारात. मागून त्यांचा आवाज, "अहो, त्यात माझा माहेरचा सेट आहे!"

हे खोलीत पलंगावर बसले होते. ट्रंक बंद होती. मी चंदीचं घमेलं उचललं आणि यांना दारातून दिसेल असं अंगणातल्या राखेत ओतलं.

"काय करतेस?"

"चंदी बंद."

"चंदीशिवाय ताकत येत नाही. हे मला शिकवू नको."

"तो घोडा नाही!" मी ओरडले. पंचवीस वर्षांत यांच्यावर ओरडले नव्हते. "ससा आहे तो. तुमच्या चंदीनं त्याचं पोट बंद पडलंय. घोड्याचे नियम घोड्याबरोबर गेले. या घरात घोडा नाही. कुणीच घोडा नाही!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता हे काय करतील? हे उठले, चुलीजवळची गरम वीट कापडात गुंडाळून आणली आणि माझ्या मांडीवरच्या सशाला टेकवून ठेवली.

तो दिवस आणि ती रात्र मी जमादाराचं पोट चोळत बसले. वातीनं कोमट पाणी तोंडात सोडायचं, गवताची काडी ओठाशी धरायची, चार पावलं चालवायचं, पुन्हा चोळायचं. हे समोर बसून होते. माझ्या डोक्यात सासूबाईंचं एक वाक्य घुमत होतं: पागेतलं मुकं जनावर मेलं की त्याच्यावरची बला धन्याकडे परत येते. दिवसा माझा विश्वास नव्हता, हे सांगितलंच आहे. उजाडायच्या सुमाराला जमादारानं खोक्यात पहिल्या लेंड्या टाकल्या. आयुष्यात कुणाच्या लेंड्या बघून मी देवाला हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. हे म्हणाले, "चहा कर." तेवढंच.

त्यानंतर यांनी कवायत बदलली. मला न विचारता, मला न सांगता. रोज सकाळी पिशवी घेऊन कंपूच्या मैदानाकडे जायचे आणि दूर्वा, गवत, जे हिरवं मिळेल ते आणायचे. फरशीवर जमादाराचा पाय घसरतो हे बघून सगळीकडे पोती अंथरली. फेट्याची पट्टी सोडून दिली. त्याऐवजी कोथिंबिरीची काडी नाकापासून जरा लांब धरायची, त्यानं अंग ताणून ती घ्यायची. मग जरा उंच धरायची. त्यानं मागच्या पायांवर उठायला बघायचं, कोलमडायचं, पुन्हा बघायचं. "कदम" वगैरे बंद झालं. "ये रे. दमानं ये. कोणी मागं नाही लागलं," असं हे त्याला म्हणायचे. यांच्या तोंडून मी तसलं बोलणं पद्मा लहान असतानाच ऐकलं होतं.

डावा पाय भरायला लागला. जमादार अंगणभर फिरायला लागला, जरा तिरका, जरा झोकांड्या खात. एकदा माझ्या पदराचं टोक कुरतडून गेला. पण पाय आपटला नाही. शेजारचं मांजर भिंतीवर येऊन बसलं तरी नुसता दबून बसला. हे दरवेळी त्याच्या पायाकडे बघायचे आणि मी यांच्याकडे.

रामनवमी झाल्यावर बोर्डाचा दिवस आला. हे गणवेश घालून निघाले. टांग्यात बसताना गुडघा दुमडेना, तेव्हा हातानं पाय उचलून आत घेतला. मी दुसरीकडे बघितलं. मुरारपर्यंतचा रस्ता मी दिवसभर मनानं चालत होते.

संध्याकाळी हे परत आले. "नाही," म्हणाले. मी पाणी दिलं. प्यायले. मग जेवले, नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त. आमटी छान झाली म्हणाले. रात्री नातेवाइकांच्या गोष्टी काढल्या, पद्माच्या लग्नातल्या फजितीवर हसले. मला इतकी भीती आधी कधीच वाटली नव्हती. रागावलेल्या माणसाला सांभाळता येतं. हा माणूस जणू सगळं आवरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी यांना डोळ्यांआड होऊ दिलं नाही. हे देवपूजेला बसले, मी शेजारी फुलं निवडत बसले. अंगणात गेले, मी वाळवण घालायला गेले. दुपारी हे म्हणाले, "जरा पडतो." जमादारही यांच्या मागून खोलीत गेला. मी दार लोटू दिलं नाही, म्हटलं उकाडा आहे. आणि स्वयंपाकघरात कणीक मळायला बसले, अशा बेतानं की दाराचा अर्धा भाग दिसावा. मध्ये हाका चालूच होत्या. "अहो, संध्याकाळी भात टाकू का?" "टाक."

कणकेत पाणी घातलं. मळायला घेतली. आणि खोलीतून आवाज आला.

थप.

मी थांबले. काही पडलं का? पुन्हा, थप! पोत्यावर नव्हे, फरशीवर. जोरात, ठणठणीत. माझ्या अंगावर काटा आला. जमादाराचा पाय! इतक्या महिन्यांनी! "अहो, ऐकलंत का? आपटला! लागला की हो पाय!" मी एकटीच हसले, कणकेचे हात तोंडाशी नेले.

ओ आली नाही.

तिसऱ्यांदा, थप. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. ससा आनंदानं पाय आपटत नाही. साप दिसला की आपटतो. कुत्रं आलं की आपटतो. खोलीत तर हे आहेत आणि तो आहे. मग त्यानं बघितलं काय?

मी कशी धावले ते मला ठाऊक नाही. दारात आले तर ट्रंक उघडी. हे पलंगाच्या काठावर बसलेले, मांडीवर फडकं, उजव्या हातात पिस्तूल, घोडा ओढलेला. समोरच्या कोपऱ्यात जमादार भिंतीला पाठ लावून, कान पाठीशी चिकटलेले, डोळे बाहेर आलेले. मी बघता बघता त्यानं पुन्हा दोन्ही मागचे पाय उचलून आपटले. दोन्ही. डावासुद्धा.

हे त्याच्याकडेच बघत होते. "आपटला," हे म्हणाले. आवाज झोपेतल्यासारखा. "बघितलंस? डावा आपटला."

"हो. तुम्हाला बघून."

"मला?"

"त्या खटक्याचा आवाज ओळखतो तो. गुलदारच्या दिवशी पागेतच होता ना?"

यांनी पिस्तुलाकडे बघितलं. मग सशाकडे. इतके महिने याच हातातून त्यानं दूर्वा खाल्ल्या होत्या. "मी त्याला काही करणार नव्हतो," हे हळूच म्हणाले.

"मला माहीत आहे. त्याला नव्हता करणार."

मग मी सगळंच बोलून टाकलं, कारण आता गप्प बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मला भीती वाटते हो. संक्रांतीपासून वाटते. तुम्हाला काय वाटतं, दिवसातून शंभरदा मी हाका मारते त्या उगाच? रात्री तुमचा श्वास ऐकत जागते. माझ्याने आता होत नाही. ते इकडे द्या."

हे हलले नाहीत.

"द्या म्हणते ना! तुम्ही रिसालदार नाही राहिलात, ठीक आहे. मी अजून आहे ना? माझं काय करायचं ते कोणत्या रीतीत लिहिलंय?"

यांनी मान वर केली. माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हात पुढं केला. मी पिस्तूल घेतलं. माहेर शिपायांचं, सासर शिपायांचं, पण ती वस्तू मी कधी हातात धरली नव्हती. केवढी जड! हात कणकेचे. ती निसटली. मी घाईघाईनं दोन्ही हातांनी पोटाशी आवळली, आणि बोट नको तिथं जाऊन अडकलं.

"विजया!"

यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. आमच्यात तशी रीतच नाही. "विजया, बोट काढ! भरलेलं आहे ते! हलू नकोस. बिलकुल हलू नकोस!" ज्या गुडघ्यानं काल टांग्यात चढवत नव्हतं त्या गुडघ्यानं हे पलंगावरून उडी मारून आले. माझं मनगट धरलं. नळी माझ्या पोटावरून बाजूला वळवली. माझं बोट त्या कड्यातून सोडवलं, हळूहळू, श्वास रोखून. मग एकेक गोळी काढून माझ्या पदरात टाकली. कपाळावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते.

"मेली असतीस," हे म्हणाले. तिथंच फरशीवर बसले, माझं मनगट न सोडता. "आत्ता मेली असतीस ना तू. माझ्यासमोर. मी काय केलं असतं?"

यांना भीती वाटत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यांना कशाची तरी भीती वाटत होती. माझा जीव भांड्यात पडला.